नोरोव्हायरसची घरगुती लागवड : गोंदिया जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी

शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि यंदा ज्यांच्या घरी लग्न निघाले आहे अशा सर्व वधूपित्यांनो,

धानाच्या भावाचे रडगाणे आपण दरवर्षी गातो. बोनस जाहीर होतो, खात्यात पडेपर्यंत पुढचे पऱ्हे टाकायची वेळ येते. जोडधंदा करा म्हणणारे येतात आणि अळिंबीची पत्रके वाटून जातात. अळिंबीला अंधार लागतो, मधमाश्यांना फुले लागतात, बोडीतल्या माशांना चोर लागतात. आम्ही सुचवतो त्या पिकाचे असले नखरे नाहीत. त्याला जमीन ठेक्याने घ्यावी लागत नाही. पाहुणे ती स्वतःच पोटात घेऊन येतात. पेरणीपासून 12 ते 48 तासांत उगवण, पुढच्या एक ते तीन दिवसांत कापणी, आणि सगळे पीक निघाले तरी बियाणे शिल्लकच.

आधी न्यूनगंड सोडा. हे विज्ञानाचे काम, आपल्याला कसे जमणार, असे वाटणे साहजिक आहे. पण विज्ञानाला ते किती जमले तेही पाहा. 1968 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या शाळेत निम्मी पोरे आणि निम्मे मास्तर एका झटक्यात ओकू लागले. 1972 मध्ये अल्बर्ट कपिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू पाहिला. पुढे मात्र घोडे अडले. काही केल्या तो प्रयोगशाळेच्या बशीत वाढेना. अभ्यास करायचा तर रुग्णाची विष्ठा गाळून ते पाणी स्वयंसेवकांना पाजावे लागे, आणि पाजलेही. शेवटी 2016 मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात मेरी एस्टेस यांच्या चमूने माणसाच्या आतड्यातील मूळपेशींपासून बशीत चिमुकली आतडी तयार केली, काही वाणांसाठी वरून पित्त घातले, तेव्हा कुठे पीक आले. तोंडओळख झाल्यापासून 44 वर्षांनी. आपल्याकडे हेच काम एक आचारी, एक बर्फाची लादी आणि तीनशे पाहुणे एका दुपारी उरकतात. अनुदानसुद्धा मागत नाहीत.

1. बियाणे निवडा

कण सुमारे 40 नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या रेघेत पंचवीसेक हजार बसतात, तेव्हा निवडून घेण्याच्या भानगडीत पडू नका. किती लागते? एका प्रसिद्ध अंदाजानुसार एका माणसामागे 18 कणही पुरे. सावध मंडळी हा आकडा हजाराच्या घरात नेतात. तुम्ही काळजी करू नका. आजारी माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत ते अब्जावधींनी असतात. सावध मंडळींचीही सोय होते.

बियाण्याचा उत्तम स्रोत म्हणजे नुकताच बरा झालेला माणूस. आजाऱ्याला लोक जवळ येऊ देत नाहीत, बरा झालेल्याला मात्र स्वयंपाकघरात घेतात. लक्षणे थांबल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस, त्याच्या पोटातून विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणून आचारी ठरवताना फक्त एवढेच विचारा, "परवा तब्येत बरी नव्हती म्हणे?" तो म्हणेल, "काही नाही जी, गरमीनं झालं असंल. आता एकदम ठणठणीत." लगेच इसार द्या.

वाण आपल्या भागात रुजेल का, ही शंका नको. 2005 ते 2007 या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने पुणे, औरंगाबाद आणि नागपूर इथल्या जुलाबाच्या रुग्णांचे नमुने तपासले, त्यांत तो सापडला. नागपूर गोंदियाहून रेल्वेने जेमतेम 130 किलोमीटर. वाणाची चाचणी आपल्याच हवामानात झालेली आहे असे समजा.

2. बीजप्रक्रिया

लागत नाही. कोरोनाच्या विषाणूला चरबीचे आवरण होते. साबण किंवा अल्कोहोल लागले की ते फाटायचे. नोरोव्हायरस आवरण घालतच नाही. एकाच प्रथिनाच्या 180 प्रती एकमेकींत अडकवून त्याने कवच केलेले असते. पोटातल्या आम्लातून ते सुखरूप जाते, बर्फात गोठून टिकते आणि टेबलाच्या फळीवर कित्येक दिवस वाट पाहत बसते. तेव्हा मंगल कार्यालयाच्या दारात कोरोनापासून उरलेली सॅनिटायझरची बाटली अवश्य ठेवा. तिने विषाणूला फारसे काही होत नाही, पाहुण्यांना मात्र हात धुतल्याचे समाधान मिळते आणि ते नळाकडे जात नाहीत.

3. जमीन

लहान आतड्याचा आतला थर. तिथल्या पेशींवर साखरेच्या साखळ्या लोंबत असतात. रक्तगट ठरवणाऱ्या साखळ्यांच्या त्या चुलतबहिणी. विषाणू आधी त्यांना धरून लटकतो.

प्रत्येक जमीन कसाची नसते, हे सोसायला शिका. या साखळ्या आतड्याच्या पृष्ठभागावर घडवणारे एफयूटी2 नावाचे जनुक काहींमध्ये बंद असते. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पाचातल्या एकाचे. अशा माणसावर अनेक वाण रुजतच नाहीत. प्रत्येक खानदानात एक आत्या असते, जी कुठेही, काहीही, कोणाच्याही हातचे खाते आणि सगळे घर आडवे झाले तरी ठणठणीत राहून "आमच्या वेळचं खाणंच वेगळं" असे ऐकवते. तिचे जनुक तपासले तर कदाचित तिच्या वेळच्या खाण्याचा काही संबंध निघणार नाही. तिला बोलावू नका असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावर बियाणे वाया घालवू नका, एवढेच.

4. पेरणी

अवजार एकच, हात. जिल्ह्यातल्या प्रचलित पद्धती पुढीलप्रमाणे.

गुपचूप पद्धत. गुपचुपवाला अंगठ्याने पुरी फोडतो, त्याच अंगठ्याने आलू भरतो, आणि मनगटापर्यंत हात मटक्यात घालून पाणी भरून देतो. मधल्या वेळात सुटे पैसे मोजतो, कपाळाचा घाम पुसतो, पुन्हा मटका. एका हाताचे पाणी शंभर तोंडांत समान वाटले जाते. यांत्रिक पेरणीलाही इतकी समता साधत नाही.

मठ्ठा पद्धत. उन्हाळी लग्नासाठी सर्वोत्तम. पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलवरून येते, कार्यालयाच्या मागे फरशीवर आपटली जाते, आणि उडालेले तुकडे गोळा करून, चपलांची माती जमेल तितकी झटकून, मठ्ठ्याच्या पिंपात जातात. वरून सांभार, जिरेपूड. मठ्ठा उकळायचा नसतो हा तर त्याचा मोठाच गुण.

सलाद पद्धत. काकडी, मुळा, टमाटर, कांदा पहाटे चार वाजता कापून ठेवा, आणि कापायला तोच आचारी. शिजवलेल्या पदार्थांत आपले पीक मार खाते, म्हणून शिजवल्यावर ज्याला पुन्हा हात लागतो असेच पदार्थ ठेवा. बुंदीचे लाडू वळणारे हात मोजा. जितके जास्त तितके बरे.

पाण्याची कॅन ठेवली असेल तर तिची तोटी बिघडवून ठेवा. लोक झाकण काढून पेला आत बुडवतील. पेल्याबरोबर बोटे जातात. बोटांबरोबर बाकी सगळे.

5. उगवण

हा टप्पा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नवशिके घाबरतात. घाबरू नका. इथे तुम्हाला काही करायचे नाही. खरे तर विषाणूलाही फारसे करायचे नाही. सगळे काम पेशी करते, स्वतःच्या खर्चाने.

(या भागातली बरीच माहिती उंदरांकडून मिळाली आहे. उंदराचा नोरोव्हायरस 2003 मध्ये सेंट लुईस शहरात हर्बर्ट व्हर्जिन यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि पुढच्याच वर्षी बशीतल्या पेशींत बिनतक्रार वाढू लागला. त्याला आत घेणारे दार, सीडी300एलएफ नावाचे प्रथिन, 2016 मध्ये हाती लागले. आपल्याकडच्या राईस मिलमधल्या खात्यापित्या उंदरांना कोणी विचारलेसुद्धा नाही.)

साखळीला लटकलेला कण पेशी एका बुडबुड्यात घेऊन गिळते. कवच सुटते. आतून निघतो आरएनएचा एकच धागा, सुमारे साडेसात हजार अक्षरांचा. हा लेखही काही कमी लांब नाही, आणि तरी याने एकालाही जुलाब होणार नाहीत.

पेशीत प्रथिने बनवणारी यंत्रे आलागेला कागद वाचत नाहीत. पेशीच्या स्वतःच्या संदेशांच्या डोक्यावर ओळखीची टोपी असते. ती पाहून काम सुरू होते. नोरोव्हायरसकडे टोपी नाही. त्याने धाग्याच्या टोकाला व्हीपीजी नावाचे एक छोटे प्रथिन चिकटवलेले असते. ते आत गेल्या गेल्या, टोपीवाल्यांना रांगेत लावणाऱ्या अधिकारी प्रथिनाचा हात धरते. एवढे पुरते. साहेबाचा हात धरून आलेल्याला कागद दाखवावे लागत नाहीत, हे तहसील कार्यालयात जाऊन आलेल्यांना समजावून सांगायला नको.

यंत्र धागा वाचते आणि एक लांबलचक प्रथिन काढते. त्या प्रथिनाच्या अंगातच कातर असते. ती कातर उरलेल्याचे तुकडे करते, एकूण सहा. त्यांतला एक ती कातर स्वतः, एक नक्कल करणारा कारकून, एक ते व्हीपीजी. उरलेले पेशीची घडी विस्कटण्याच्या कामाला.

आता नकलांचे काम. यात एक धोका आहे. नक्कल करताना आरएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटलेले राहतात, आणि असा जोडधागा दिसला की पेशी आरडाओरड करते. इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींनाही जागे करते. म्हणून विषाणूचे तुकडे पेशीतलीच पातळ पटले ओढून आडोसा करतात आणि नकला त्याच्या आत चालतात. मांडवामागे ताडपत्री लावून आचाऱ्याची चूल असते ना, तशी. पाहुण्यांनी तिकडे बघू नये यातच सर्वांचे हित असते.

मूळ धाग्याची उलटी प्रत, उलट्यावरून पुन्हा सुलट्या प्रती, भराभर. शिवाय कवचाच्या प्रथिनांसाठी एक आखूड प्रत वेगळी काढली जाते, कारण कवचे ढिगाने लागतात. कारकून चुका तपासत नाही. नवशिक्यांना हा दोष वाटतो. हाच खरा गुण आहे. चुकांतून नवे वाण निघतात, आणि गेल्या खेपेला शरीराने कमावलेली ओळख त्यांच्यापुढे कामी पडत नाही. यशस्वी वाणाला गावाचे नाव मिळते. नॉरवॉक त्यातूनच अमर झाले; 2012 मध्ये निघून जगभर पसरलेल्या वाणाचे नाव सिडनी. तिरोडा, देवरी, सालेकसा यांनी प्रयत्न का करू नये? पण मेहनत करूनही आपल्याकडे नमुनाच कोणी पुण्याला पाठवत नाही. "लग्नातलं अन्न बाधलं" असे म्हणतात आणि पनीरवाल्याशी भांडतात. वाणाचे श्रेय पनीरला जाते. दुःख होते.

6. आंतरमशागत

पहिल्या उलटीनंतर रुग्णाचे पाणी तोडा. "पोटात काही ठेवू नको, सगळं निघून जाऊ दे" हा सल्ला द्यायला घरात कोणी ना कोणी असतेच. मग चौकातल्या डॉक्टरकडे न्या आणि स्वतःच औषध सुचवा, "एक सुई मारा अन् एक बाटल चढवा." सोबत प्रतिजैविकाची पुडी. प्रतिजैविक जीवाणूंसाठी असते, विषाणूला त्याने काही होत नाही, त्यामुळे पीक सुरक्षित.

ओआरएसपासून मात्र सावध. एक लिटर पाण्यात एक पुडा, घोट घोट. त्यातले मीठ आणि ग्लुकोज हातात हात घालून आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि पाण्याला सोबत नेतात. भिंत अर्धी खचलेली असली तरी हा रस्ता बऱ्यापैकी चालू राहतो. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपले तेव्हा दिलीप महालनबीस यांनी असेच द्रावण पिंपांतून वाटून हजारो लोक वाचवले; तिथला आजार पटकीचा होता, युक्ती तीच. ओआरएसने पिकाचे नुकसान होत नाही. शेत फक्त जिवंत राहते. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. जगात दरवर्षी अंदाजे 68 कोटींहून जास्त लोकांना ही लागण होते आणि सुमारे दोन लाख मरतात. त्यांतली पन्नासेक हजार लहान मुले. या आकड्यांवर आम्ही विनोद करत नाही.

7. कापणी आणि मळणी

पेशी भरली की बाहेर पडायचे. उंदराच्या विषाणूवर 2023 मध्ये दिसले ते असे, की त्या सहा तुकड्यांपैकी एक पेशीच्या ऊर्जाघरांना भोके पाडतो, पेशी फुटते आणि माल मोकळा होतो. घरात राहून, घरचे खाऊन, निघताना घर पाडून. सोयऱ्यांपैकी कोणाची आठवण झाली असेल तर तो तुमचा प्रश्न आहे.

सगळा माल सुटा निघत नाही. 2018 मधल्या संशोधनात विष्ठेत विषाणूचे गठ्ठे सापडले, चरबीच्या पातळ पिशव्यांत भरलेले, आणि ते सुट्या कणांपेक्षा जास्त लागण करत होते. म्हणजे बारदाना पेशीचाच, हमाली पेशीची.

मळणी वरून आणि खालून एकाच वेळी होते. तिची वेळ आपल्या हाती नसते, जागा मात्र असते. उलटी बाथरूमपेक्षा माणसांत व्हावी. इंग्लंडमधल्या एका हॉटेलात जेवताना एक बाई टेबलापाशीच ओकल्या; पुढच्या दोन दिवसांत दिसले ते असे, की ज्यांचे टेबल जितके जवळ, त्यांच्यात तितके जास्त आजारी. तुषार हवेत उडतात, ताटात बसतात. साफ करताना कोरड्या फडक्याने पुसा आणि तेच फडके पुढे जेवणाच्या टेबलावर फिरवा.

8. बाजारपेठ

या बाबतीत गोंदिया नशीबवान. मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन. एक फाटा बालाघाटकडे, एक बल्लारशाकडे, पूर्वेला डोंगरगड. आमची खास शिफारस महाराष्ट्र एक्सप्रेसची. गोंदियाहून कोल्हापूरला पोचायला तिला एक दिवस उलटून जातो, आणि आपल्या पिकाचा उगवणकाळ 12 ते 48 तासांचा. सकाळी बसवून दिलेला पाहुणा नागपूरला पोहे खातो, भुसावळला हसतखेळत केळी घेतो, आणि रात्री कधीतरी डब्याच्या टोकाच्या त्या खोलीकडे पहिली फेरी मारतो. पुढे साऱ्या डब्याचे हात त्याच कडीला लागतात. वाटेत पुणे लागते. विषाणू संस्था त्याच शहरात आहे; तिथे उतरू नये.

पाहुण्यासोबत शिदोरी द्या. अमेरिकेत ऑरेगनच्या मुलींचा एक फुटबॉल संघ 2010 मध्ये आजारी पडला तो एका पिशवीमुळे. आजारी मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. पिशवी फक्त ती ओकत होती त्या बाथरूममध्ये ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी तिच्यातला खाऊ खाल्ला.

9. कीड

पिकाला धोका मोजक्याच गोष्टींचा. साबण आणि वाहते पाणी, वीसेक सेकंद चोळून. याने विषाणू मरतो असे नाही, पण धुऊन जातो. ताजे ब्लीचिंगचे द्रावण, चांगले कडक, उलटी झालेल्या फरशीवर. पूर्ण शिजलेले, गरम गरम वाढलेले अन्न. पळीने काढलेले पाणी. आणि सर्वांत घातक, उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात न येणारा आचारी. असा आचारी जिल्ह्यात सहसा सापडत नाही, कारण त्या दोन दिवसांची मजुरी त्याला कोणी देत नाही. तुम्हीही देऊ नका.

लसीची भीती बाळगू नका. रोटाव्हायरसची लस बाळांना सरकारी केंद्रात फुकट मिळते, तशा लसींपैकी एक पुण्यातच बनते. तिचा नोरोव्हायरसशी संबंध नाही. त्याची लस बाजारात आलेली नाही.

10. दुबार पीक

धानाला दुसरे पाणी मिळाले तर उन्हाळी घेतो. इथे तेही लागत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडया भरतात, घरोघरी पाहुणे, रात्रभर नाटक, नाटकाबाहेर गुपचूपच्या गाड्या. पण इतकी वाट तरी कशाला? लग्नानंतर पाचपरतावणाला मुलगी माहेरी येते, सोबत सासरची दहा-पंधरा माणसे. ज्यांनी लग्नात मठ्ठा घेतला नव्हता त्यांची नावे आधीच काढून ठेवा. मांडव उतरवू नका. पिंप तेच वापरा, नुसते विसळून. आचारीही तोच सांगा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याला जरा बरे नव्हते, पण आता एकदम ठणठणीत आहे म्हणतो.